पोळपाटाचा तिसरा पाय

“हे पोळपाटाचे पाय आहेत की पलंगाचे?” पप्पांनी विचारलं.

आईनं वर पाहिलंसुद्धा नाही. सुताराकडून आलेले तीन लाकडी पाय तिनं फरशीवर उभे केले, त्यांची उंची एकमेकांशी ताडून पाहिली आणि आमचा मोठा पोळपाट उलटा करून मांडीवर घेतला. त्याचे मूळचे बुटके पाय सुतारानं काढून टाकले होते आणि त्या जागी आटे पाडून दिले होते. आईनं एकेक पाय फिरवून घट्ट बसवला. सुलटा केल्यावर पोळपाट चांगला वीतभर उंच झाला होता.

“आता ह्याच्यावर पोळ्या उभ्यानं लाटणार का?”

“ह्याच्यावर तुमच्या मुलीचा केक उभा राहणार आहे,” आई म्हणाली. “तीन मजली.”

पप्पा नगरच्या एका शाळेत गणित शिकवायचे आणि रविवारी चर्चचा क्वायर चालवायचे. दोन्ही कामांत लोकांच्या चुका काढायच्या असतात, त्यामुळे घरी आल्यावरही त्यांची ती सवय सुटत नसे. ते खाली वाकले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, “खालचा केक दबेल.”

“खालच्या केकवर भारच येत नाही. त्याला तीन भोकं पाडणार, पाय त्यातून आरपार जाणार आणि परातीला टेकणार. मधला आणि वरचा केक पोळपाटावर. खालच्याला कळणारसुद्धा नाही.”

पप्पांनी पोळपाटाला बोटानं ढोसून पाहिलं. तो हलला नाही, म्हणून त्यांची जरा निराशाच झाली. “तीन पायांचं काही डुगडुगत नाही,” ते नाइलाजानं म्हणाले. “चार असले की डुगडुगतं.”

“आणि दोन असले की?” मी उगाच विचारलं.

“दोन असले की कुणीतरी धरून उभं राहावं लागतं.”

आई पोळपाटाकडे बघत राहिली. मला वाटलं, ती आयसिंगचा विचार करत असेल.

ह्या केकचं मूळ माझ्या साखरपुड्यात होतं. माझ्या होणाऱ्या सासूबाई, मनोरमाबाई शेलार, पुण्याच्या. त्या दिवशी पानसुपारी होता होता त्या आईला म्हणाल्या, “विहीणबाई, केकचं तुम्ही काही मनावर घेऊ नका. आम्ही पुण्याहून बेकरीतला आणतो. तीन मजली असतो. इकडे कुठं मिळणार बिचारा!”

सासूबाई मनानं वाईट नव्हत्या. पण ‘इकडे’ म्हणताना त्यांचा हात असा काही हलला, की सगळं नगर शहर त्यांनी पदरानं झटकून टाकल्यासारखं झालं. आई गोड हसली. “खरंय तुमचं,” ती म्हणाली. “आमच्याकडे केक मिळत नाही. आमच्याकडे होतो.”

झालं. त्या दिवसापासून आमच्या घराची बेकरी झाली. काळ्या द्राक्षांच्या रसात मनुका भिजल्या, कोळशावरच्या पत्र्याच्या अवनमध्ये केकमागून केक निघाले आणि त्यातले जे फसले ते आम्ही नाश्त्याला खाल्ले. पप्पांचं वजन वाढून लग्नाचा कोट त्यांना होईना, इतके केक फसले.

मला मात्र केकची काळजी नव्हती. मला शलमोनमामाची काळजी होती.

शलमोन ओहोळ हा आईचा एकुलता एक भाऊ. आजी-आजोबा लवकर गेले, तेव्हा आईनंच त्याला वाढवलं. तो श्रीरामपूरकडच्या एका साखर कारखान्यात फिटर होता. दंड असे, की आम्ही मुलं त्याच्या हाताला लोंबकळून झोके घ्यायचो. दर शनिवारी एस.टी.नं यायचा, रात्री क्वायरची तालीम करायचा, रविवारी गायचा, आईच्या हातचं जेवायचा आणि परत जायचा. पप्पांना तो ‘दाजी’ म्हणायचा आणि पप्पांच्या जुनाट विनोदांना मनापासून हसणारा तो जगातला एकमेव माणूस होता.

एकच अडचण होती. मामाचा आवाज जितका मोठा, तितका बेसूर होता.

पप्पांनी ते ऐकत बरीच वर्षं काढली. मग मी अकरावीत असताना, ईस्टरच्या तालमीत, ऐन उंच जागी मामानं असा काही खर्ज लावला, की पुढच्या रांगेतल्या दोन बायकांच्या माना मागे वळल्या. पप्पांनी पेटी थांबवली आणि सगळ्या क्वायरसमोर, गणिताच्या तासाला बोलावं तसं, म्हणाले, “शलमोन, तू नुसतं तोंड हलव.”

मामानं गीतांचं पुस्तक मिटलं, बाकावर ठेवलं आणि चर्चच्या बाहेर गेला. तो आमच्या घरी आला होता तो त्या दिवशी शेवटचा. त्यानंतर ‘दाजी’ हा शब्द संपला. बोलण्यात नाव आलंच तर ‘आढाव सर’.

आईनं दोघांना समजावलं. रागावून पाहिलं, रडून पाहिलं, पाळकसाहेबांना मध्ये घातलं. पप्पा म्हणायचे, “मी खोटं बोललो का?” मामा म्हणायचा, “ते खरं बोलले का, हा सवालच नाही.” चूक झाली हे दोघांनाही मान्य होतं, फक्त ती समोरच्याची होती. आई रोज रात्री प्रार्थनेत दोघांची नावं एका दमात घ्यायची, मध्ये श्वास न घेता, म्हणजे देवानं तरी त्यांना एकत्र ऐकावं.

लग्नाच्या थोडे दिवस आधी मामा आला, पण फाटकापर्यंत. खांद्यावर साखरेचं पोतं होतं. ते त्यानं फाटकाच्या आत टेकवलं, स्वतः बाहेरच राहिला.

“भाचीच्या केकसाठी आहे,” तो म्हणाला. “आढाव सरांसाठी नाही.”

“त्यांना चहासुद्धा नाही करणार ह्याचा,” आई म्हणाली. “आत तर ये.”

“नको अक्का. एस्तेर, ऐक बेटा. मी चर्चला येणार. तुझ्या पाठीशी उभा राहणार, मामा आहे तुझा. पण उपासना झाली की मी चाललो. त्यांच्या कार्यातलं पाणीसुद्धा पिणार नाही, बोललोय मी तसं. दुपारची श्रीरामपूर गाडी धरणार.”

मला रडूच आलं. “मामा, माझ्या लग्नात तू उपाशी जाणार?”

मामाचेही डोळे भरले, पण त्यानं ते पोत्याकडे वळवले. ओहोळांच्या घरात शब्द म्हणजे शब्द. आई काही वाद घालेल असं मला वाटलं होतं. तिनं फक्त मामाच्या दंडाकडे पाहिलं.

“केक जड झालाय रे,” ती म्हणाली. “उपासना झाल्यावर वरचे मजले चढवायला हात लावशील? तेवढंच. मग जा.”

“तेवढं करीन की,” मामा म्हणाला.

लग्नाच्या दिवशी मे महिन्याचं ऊन असं होतं, की पाळकसाहेबांनी प्रवचन आवरतं घेतलं. आमच्या चर्चच्या मंडळीत ह्याची अजून आठवण काढतात. मामा शब्दाप्रमाणे माझ्या पाठीशी उभा राहिला. पप्पा पेटीवर होते. दोघांच्या मध्ये फार तर दोन बाकांचं अंतर होतं, पण ते एकमेकांच्या आरपार पाहत होते.

उपासना संपली आणि सगळे शेजारच्या हॉलकडे निघाले. आई आधीच तिथे पोचली होती. उकाड्यात आयसिंग सुटेल म्हणून वरचे दोन मजले आयत्या वेळीच चढवायचे, असं तिनं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. हॉलच्या टोकाला स्टेज, स्टेजवर भिंतीलगत केकचं टेबल, दोन्ही बाजूंना क्रोटनच्या कुंड्या. परातीत खालचा केक तयार होता. पोळपाट बाजूच्या टेबलावर, एका उंच उलट्या पातेल्यावर टेकवलेला, त्यावर मधला केक, त्यावर छोटा, सगळं आयसिंगनं एकमेकांना पक्कं चिकटवलेलं. पायांना चंदेरी कागद गुंडाळला होता.

मी आणि रूबेन, म्हणजे माझा नवरा, केकच्या टेबलाशेजारच्या खुर्च्यांवर येऊन बसलो. त्यामुळे पुढचं सगळं मी हाताच्या अंतरावरून पाहिलं आणि ऐकलं.

मामा दारातून मला हात दाखवून निघणार, एवढ्यात आईनं हाक मारली. “शलमोन! हात लावतोस ना?”

मामा भराभर आला, टेबलामागच्या अरुंद जागेत शिरला आणि त्यानं एका दमात पोळपाट उचलून परातीवर धरला. पुढचे दोन पाय भोकांत अलगद उतरले.

“अगं बाई,” आई म्हणाली. “मागचा पाय कुठाय?”

मामानं मान वाकडी करून खाली पाहिलं. मागच्या बाजूला पोळपाटाला नुसतं भोक होतं.

“अक्का, पायच नाही!”

“फिरकीचा आहे ना, निघाला असेल येताना. धर हां तू तसाच. आणतेच मी.”

आणि ती वळली. तेवढ्यात पाहुणे आत शिरले, पुण्याची मंडळी पुढच्या खुर्च्यांवर बसली, बँडवाल्यांनी दारात शेवटची सलामी दिली आणि कार्यक्रम सुरू झाला. मामा टेबलामागे उभा होता. त्याचा उजवा हात पोळपाटाखाली होता आणि चेहऱ्यावर, कुणी फोटो काढला तर बरा यावा म्हणून, एक हसू होतं. समोरून पाहणाऱ्याला वाटावं, भाचीच्या केकवर ह्याचा भारी जीव दिसतो.

आई पाय आणायला गेली ती थेट सासूबाईंच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली. काळी पर्स छातीशी घट्ट धरलेली. एरवी आई पर्स कुणाकडेही द्यायची आणि मग दिवसभर शोधत फिरायची.

“एस्तेर,” मामा ओठ न हलवता कुजबुजला, “अक्का काय करू राहिली?”

“बसलीये.”

“बसलीये?”

“सासूबाईंना पंख्याचा वारा घालतेय.”

मामानं डोळे मिटले. हात काढणं शक्य नव्हतं. समोर पुण्याच्या विहीणबाई बसल्या होत्या, आणि बहिणीचा केक त्यांच्या देखत आडवा होणं म्हणजे काय, हे त्याला सांगावं लागत नव्हतं. बाहेर रस्त्यावरून एका एस.टी.चा हॉर्न ऐकू आला. ती त्याचीच असेल असं नाही, पण मामा तिच्या आवाजाच्या दिशेनं बराच वेळ पाहत राहिला.

मग मानपान सुरू झाले. मंडळीच्या चिटणीसांनी पुकारलं, “वधूचे मामा, श्रीयुत शलमोन ओहोळ! कृपया पुढे येऊन वरपक्षाकडून शाल स्वीकारावी.”

मामा हलला नाही. चिटणीसांनी पुन्हा पुकारलं. लोक माना वळवून पाहू लागले. पेटीशी बसलेल्या पप्पांचा चेहरा कडक झाला. त्यांना वाटलं, हा मान नाकारतोय, भर मांडवात, पाहुण्यांसमोर. मामानं डावा हात छातीवर ठेवून जागच्या जागी मान झुकवली.

“किती विनय!” सासूबाई म्हणाल्या. “पुढेसुद्धा येत नाहीत!” शेवटी माझे सासरेच शाल घेऊन स्टेजवर चढले आणि ती मामाच्या खांद्यांवर घातली. मे महिन्यातली लोकरी शाल. मामाच्या कपाळावरून घामाची धार लागली आणि पुण्याच्या मंडळींनी ते अश्रू समजून टाळ्या वाजवल्या.

केक कापायची वेळ आली. मी आणि रूबेननं सुरी धरली आणि खालच्या मजल्याला लावली. वरचे दोन मजले थरथरू लागले. साखरेचं एक गुलाबाचं फूल सुटून माझ्या हातमोज्यावर पडलं.

“केक हलतोय का हो?” सासूबाईंनी विचारलं.

“पंख्याचा वारा,” आई म्हणाली आणि पंखा खाली ठेवला.

पप्पांना एवढं पुरे होतं. ते पेटीवरून उठले, हसतमुखानं स्टेजवर आले, टेबलामागे शिरले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मामाशी बोलले.

“हलवतोयस कशाला?”

“हलवत नाही, सर,” मामा दातांतून म्हणाला. “धरलाय.”

“सोड!”

“सोडतो. मग तुम्ही विहीणबाईंना काय सांगायचं ते सांगा.”

पप्पांनी वाकून पाहिलं. दोन चंदेरी पाय आणि तिसऱ्याच्या जागी मेव्हण्याची मूठ. गणिताच्या माणसाला आणखी काही समजावून द्यावं लागलं नाही. त्यांनी आईकडे पाहिलं. आई सासूबाईंना आमच्या चर्चच्या छताची लाकडं दाखवत होती.

“किती वेळ झाला?” पप्पांनी हळू आवाजात विचारलं.

“मानपानाच्या आधीपासून. हात बधिर झालाय. बोटं आहेत का गेली, बघून सांगा.”

पप्पांनी टेबलावरची शोभेची जाड मेणबत्ती उचलली, फुंकली, केकमागून भोकात घातली आणि वरचं टोक पोळपाटाखाली बसवलं. “आता हळूच हात काढ. हळू.”

मामानं हात जरासा खाली केला. मेणबत्तीनं भार घेतला. दोघांनीही श्वास सोडला. मग त्या उकाड्यात मेणबत्ती मधोमध वाकली, पोळपाट पप्पांच्या बाजूला कलला, तिकडचा पाय आट्यातून निसटला आणि वरचे दोन्ही मजले पप्पांच्या वाढलेल्या पोटाकडे निघाले. पप्पांनी दोन्ही हातांनी पोळपाट झेलला. मामानं पुन्हा हात घातला.

आता एकच पाय उरला होता आणि दोन माणसं. एकानं हात काढला तर दुसऱ्याकडे पडेल अशी अवस्था झाली. आयुष्यात पहिल्यांदाच त्या दोघांचं एकमेकांवाचून अडलं होतं.

फोटोग्राफर पुढे झाला. “मामा, सर, थोडे जवळ या. अजून जवळ. खांद्याला खांदा. वा!”

तो फोटो माझ्याकडे अजून आहे. दोघंही फाशी जाणाऱ्या माणसासारखे हसतायत.

“तुझी गाडी गेली असेल,” पप्पा जरा वेळानं म्हणाले.

“गेली.”

“केस पिकले तुझे.”

“तुमचे गेले.”

माझ्या शेजारी रूबेनचे खांदे हलू लागले. मी त्याच्या पायावर पाय दिला. पण खरं सांगायचं तर माझं सगळं लक्ष कानांत आलं होतं. अजून एकही ‘दाजी’ आला नव्हता.

“आता आपला क्वायर आशीर्वादाचं गीत सादर करील,” चिटणीस म्हणाले.

पप्पांचा चेहरा पांढरा पडला. क्वायर त्यांचा, पेटी त्यांची, सूर देणारे ते, आणि त्यांचे दोन्ही हात केकखाली. क्वायरमधल्या बायकांनी त्यांच्याकडे पाहिलं. पप्पांनी हनुवटीनं खूण केली. ती ‘थांबा’ अशी होती, बायकांनी ती ‘सुरू करा’ अशी घेतली. पेटीशिवाय सुरू झालेलं गाणं इतक्या उंचावर सुरू झालं, की दुसऱ्या ओळीलाच तिघीचौघी गप्प झाल्या. पुरुषांना सूरच सापडेना. माझ्या लग्नाचं गीत माझ्या डोळ्यांसमोर बसत चाललं होतं आणि सासूबाई तोंडापुढे रुमाल धरत होत्या.

“कुणीतरी खालून उचला रे,” पप्पा स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी मान वळवली. मामा ताठ उभा होता. त्याचे ओठ गाण्याच्या शब्दांबरोबर बरोबर हलत होते. आवाज मात्र येत नव्हता.

“शलमोन, हे काय करतोयस?”

“तोंड हलवतोय,” मामा म्हणाला. “तुम्हीच सांगितलं होतं.”

पोळपाट थोडा कलला आणि पप्पांनी तो सावरला. मग मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता अशा आवाजात ते म्हणाले, “चुकलं माझं. सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. आज नुसतं तोंड नको हलवू. पोरीचं लग्न आहे. आवाज लाव.”

“दाजी,” मामा म्हणाला, “बेसूर होईल हो.”

“होऊ दे.”

आणि शलमोनमामानं आवाज लावला.

खोटं कशाला सांगू, तो बेसूरच गायला. इतक्या वर्षांत त्याच्या सुरात काडीचा फरक पडला नव्हता, उलट शनिवारची तालीम नसल्यामुळे तो जास्तच बिघडला होता. पण आवाज असा दणदणीत होता, की बुडणाऱ्या क्वायरला धरायला काहीतरी सापडलं. पुरुष त्याच्यामागे आले, बायका खाली उतरल्या. तो प्रत्येक ओळ ओढून धरायचा आणि त्याच्या आवाजानं वरचा मजला घुमायचा, साखरेची फुलं टपटप पडायची. पप्पा डोळे मिटून ऐकत होते. त्यांच्यासारख्या कानाच्या माणसाला ते ऐकणं किती जड गेलं असेल, देव जाणे. एकदाही त्यांनी तोंड वाकडं केलं नाही. शेवटच्या कडव्याला तर ते स्वतःही गाऊ लागले, आणि मामाच्या नादानं तेही बेसूर झाले.

मला रडू आवरेना. सासूबाई मायेनं म्हणाल्या, “रडू दे तिला, माहेर सुटतंय.”

गीताची शेवटची ओळ मामानं अशी लांबवली, की त्याचं तोंड उघडंच राहिलं. आई केव्हा स्टेजवर चढली होती कुणास ठाऊक. तिनं खालच्या मजल्याचा एक चांगला मोठा तुकडा उचलला आणि त्या उघड्या तोंडात घातला.

मामा गडबडला. दोन्ही बाजूंनी अडकला होता. थुंकणार कसा, आणि हात तर केकखाली. आई त्याच्यासमोर उभी राहिली, तो लहान असताना औषध पाजून उभी राहायची तशी, गिळेपर्यंत.

“त्यांच्या कार्यातलं पाणी पिणार नव्हतास ना,” ती म्हणाली. “हे पाणी नाही.”

मामानं चावायला सुरुवात केली.

लोक जेवायला उठले तसा आईनं केकमागे जाऊन निसटलेला पाय आट्यात बसवला, मग हरवलेला पायही झटक्यात फिरवून घट्ट केला. “सापडला बाई एकदाचा,” एवढंच ती म्हणाली. कुठं सापडला हे विचारायचं त्राण कुणातच नव्हतं. दोन्ही पुरुष आपापले हात समोर धरून, ते कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे त्यांच्याकडे पाहत होते.

पंगतीत ते शेजारी शेजारी बसले. मामाच्या उजव्या हाताला मुंग्या आल्या होत्या, घास धरता येईना. पप्पांनी त्याच्या ताटातला भात कालवून दिला आणि हातात चमचा दिला. समोरून सासूबाई आईला म्हणाल्या, “तुमच्याकडे दाजी-मेव्हण्यांचं किती पटतं हो! सगळा वेळ एकमेकांना चिकटून! आमच्याकडे एकमेकांचं तोंड पाहत नाहीत.” आणि जाता जाता त्यांनी केकची कृती मागून घेतली.

मामा त्या रात्री आमच्याकडेच राहिला. पुढच्या शनिवारी तालमीला आला. पप्पांनी त्याला मागच्या रांगेत, खांबाच्या आड उभं केलं, पण गाऊ दिलं. ते दोघंही जाईपर्यंत आमचा क्वायर जिल्ह्यातला सर्वांत बेसूर क्वायर म्हणून ओळखला जायचा, आणि त्याबद्दल कुणी पप्पांना बोललं तर ते म्हणायचे, “भार पेलायला लागतो हो तसला आवाज.”

आई आता फार थकलीये, पण हातचं काम सुटलेलं नाही. परवा माझ्या मुलीच्या लग्नाचं ठरलं, तशी ती नगरहून पिशवी घेऊन पुण्याला माझ्याकडे आली. पिशवीत तोच पोळपाट होता, आणि तेच तीन पाय, फडक्यात बांधलेले.

“आई, केक मी बाहेरून मागवते ना,” मी म्हणाले.

“मागव. मी माझा करणार.”

तिनं फडकं सोडलं आणि एकेक पाय फिरवून बसवायला घेतला. त्या दिवसाची आठवण येऊन मी हसत म्हणाले, “बसवतेस तर पाय नीट मोजून घे बाई. मागच्या वेळी एक राहिला होता.”

आईनं तिसरा पाय घट्ट केला, पोळपाट सुलटा करून ओट्यावर ठेवला आणि हलत नाही ना ते बोटानं पाहिलं.

“मागच्या वेळीही मोजूनच घेतले होते,” ती म्हणाली.